अपघाताचा दावा, कारागिराचा हात आणि वकिलाचा टक्का

मोटार अपघातात माणूस जखमी झाला की नुकसानभरपाई मिळते, ही गोष्ट आता खेड्यापाड्यातही माहीत झाली आहे. ती रक्कम कशावरून ठरते आणि तिच्यातली घरात किती येते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. व्यापाराच्या पानावर हा कोर्टकचेरीचा विषय कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की आपल्या समाजातील बहुसंख्य बांधवांची सारी पुंजी म्हणजे त्यांचे हातपाय. सेलूहून मोटारसायकलीवर कापडाचे गठ्ठे बांधून पाथरी, मानवत, जिंतूर, परतूरचे बाजार करणारा फेरीवाला, पहाटे भाजी उचलणारा बागवान, गाद्या भरणारा पिंजारी, मशीनवर बसणारा शिंपी, जिनिंगमधला मजूर, टेम्पोवरचा हमाल, या सर्वांचे दुकान त्यांच्या अंगावरच असते. ते दुकान एका क्षणात मोडते आणि मग त्याचा हिशोब परभणीच्या मोटार अपघात दावा प्राधिकरणासमोर मांडावा लागतो. तो कोण मांडतो आणि कसा मांडतो, यावर त्या घराची पुढची वीस वर्षे ठरतात.

सुरुवात कशी होते ते पाहा. जखमी माणूस अजून ऑपरेशन टेबलावर असतो आणि दवाखान्याच्या दारात एखादा ओळखीचा भाई येऊन बसतो. तो वकील नसतो, वकिलाचा माणूस असतो. "भाभी, तुम्ही काही काळजी करू नका, एक पैसा द्यायचा नाही, केस जिंकली तरच आमचे" असे म्हणून तो कोऱ्या वकालतनाम्यावर अंगठा घेतो, आणि सोबत एखाद्या स्टॅम्पपेपरवरही. पुढे त्यावर काय लिहिले जाते हे घरच्यांना चारपाच वर्षांनी कळते. पंचवीस टक्के, तीस टक्के, कधी त्याहून जास्त, असे आकडे बाजारात ऐकू येतात.

हा टक्क्याचा करार कायद्याला मान्य नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे की वकिलाने खटल्याच्या निकालावर अवलंबून असणारी फी ठरवू नये आणि मिळणाऱ्या रकमेत वाटा घेऊ नये. दवाखान्यात माणूस पाठवून अशील गोळा करणे हेही त्याच नियमांत बसत नाही. ही काही कालपरवाची गोष्ट नाही. मुंबईच्या एका वकिलाने वसुलीच्या निम्म्या रकमेचा करार आपल्या अशिलाशी केला होता. उच्च न्यायालयाने त्याची वकिली सहा महिने बंद केली आणि १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम ठेवली. अलीकडचे उदाहरण तर हुबेहूब आपल्या विषयाचे आहे. तेलंगणातील एका बाईचा पती अपघातात गेला. भरपाई मिळाल्यावर वकिलाने दहा लाख रुपये फी घेतली आणि वर आणखी तीन लाखांचा चेक लिहून घेतला. खात्यात पैसे नसल्याने चेक परत गेला, तेव्हा त्याने त्या बाईवरच फौजदारी केली. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१७ रोजी ती फिर्याद रद्द केली आणि सांगितले की मिळालेल्या रकमेच्या टक्क्यावर फी मागणे हे सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे व वकिली पेशातील गैरवर्तन आहे. अमेरिकेत वसुलीचा तिसरा हिस्सा वकिलाने घेणे चालते, हे खरे. तिकडचे सिनेमे पाहून इकडे कोणी तोच दाखला देत असेल तर त्याला हा निकाल दाखवावा.

आता दुसरी बाजूही बोलली पाहिजे, नाहीतर इन्साफ होणार नाही. वकिलाची मेहनत खरी असते. पोलिसांचे कागद काढायचे, डॉक्टरला साक्षीला आणायचे, विमा कंपनीच्या वकिलाशी झुंजायचे, तारखांवर तारखा करायच्या, आणि यात चारपाच वर्षे सहज जातात. जखमी माणसाच्या घरी त्या वेळी पीठ आणायला पैसे नसतात, तो फी कुठून देणार? टक्क्याचा करार याच अडचणीतून जन्मतो. आमच्या बाजारात उधारीवर माल देणारा व्यापारी दर चढवतो, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की उधारीच्या मालाचा दर गिऱ्हाइकाला आधी कळतो. म्हणून माझे म्हणणे असे की फी ठराविक असावी, हप्त्याने द्यावी, काही भाग रक्कम हाती आल्यावर द्यायचा ठरला तरी आकडा आधीच लिहिलेला असावा आणि त्याची पावती मिळावी. ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी तालुका विधी सेवा समिती आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. अपंग व्यक्तीला आणि औद्योगिक कामगारालाही मागता येतो. हा अर्ज देण्यात कमीपणा कसला? आपण रेशनच्या रांगेत उभे राहतोच की.

पण टक्क्याने जेवढे नुकसान होते त्याच्या कितीतरी पट नुकसान दावा नीट न मांडल्याने होते. त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही, म्हणून मी जरा सविस्तर लिहितो.

जखमीच्या दाव्यात मुख्य प्रश्न दोन. तो महिन्याला किती कमवत होता, आणि इजेमुळे त्याची कमाई किती बुडाली. सरकारी दवाखान्यातून अपंगत्वाचा दाखला मिळतो, त्यावर चाळीस टक्के असे लिहिलेले असते. बरेच वकील तो दाखला जोडतात आणि चाळीस टक्केच मागतात. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात नेमके हेच चुकीचे ठरवले आहे. शरीराचे अपंगत्व वेगळे आणि कमाईचे नुकसान वेगळे, असे कोर्ट म्हणते. त्यात उदाहरण दिले आहे की डावा हात तुटला तर दाखल्यावर साठ टक्के येतील. माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडाली, आणि तोच सरकारी कारकून असेल तर कदाचित नोकरी जाणारही नाही. म्हणजे दावा चालवणाऱ्या वकिलाला धंदा समजला पाहिजे. कटिंग मास्टरचा अंगठा गेला तर कात्री धरता येत नाही. काज करणाऱ्याची दोन बोटे आखडली तर सुई चालत नाही. पाय आखूड झालेला फेरीवाला दुकानात बसून हिशोब लिहील, पण त्याला दुकान आहे कुठे? हे सगळे साक्षीत यावे लागते. त्यासाठी इलाज करणाऱ्या डॉक्टरला साक्षीला बोलवावे लागते आणि धंद्यातल्या एखाद्या जाणत्या माणसाची साक्ष घ्यावी लागते. डॉक्टरला बोलावण्याचा खर्च वाचवण्यासाठी नुसता दाखला जोडून मोकळे होणारे वकील आहेत, आणि तो वाचलेला खर्च कारागिराला किती लाखांना पडतो ते आता आकड्यांतच दाखवतो.

समजा बत्तीस वर्षांचा शिंपी आहे, महिन्याला १२,००० रुपये कमावतो आणि दाखला चाळीस टक्क्यांचा आहे. सरला वर्मा या २००९ च्या निकालात वयाप्रमाणे गुणक ठरवून दिले आहेत. ३१ ते ३५ वयाला गुणक १६. प्रणय सेठी या २०१७ च्या निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात पुढच्या वाढीचे म्हणून ४० टक्के मिळवतात, आणि जखमींच्या दाव्यातही ही वाढ द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले आहे. मग १२,००० चे झाले १६,८००. वर्षाचे २,०१,६००. गुणिले १६ म्हणजे ३२,२५,६००. वकिलाने मेहनत घेऊन कमाईचे नुकसान ८० टक्के सिद्ध केले तर या एका सदरात २५,८०,४८० रुपये होतात. इलाजाचा खर्च, वेदना, पुढची ऑपरेशने ही सदरे वेगळी.

आता त्याच माणसाकडे कमाईचा एकही कागद नाही असे धरा. कोर्टाने अंदाजाने महिना ६,००० धरले आणि दाखल्यावरचे ४० टक्केच मानले. वाढ धरून ८,४००, वर्षाचे १,००,८००, गुणिले १६ म्हणजे १६,१२,८००, त्याचे चाळीस टक्के ६,४५,१२०. यातून तीस टक्के वकिलाने घेतले तर घरात आले ४,५१,५८४. हात तोच, अपघात तोच, कायदाही तोच. पंचवीस लाखांचे साडेचार लाख झाले.

कोर्ट कागदाशिवाय अगदीच ऐकत नाही असे नाही. कर्नाटकातील एका चोवीस वर्षांच्या भाजीविक्रेत्याचा पाय कापावा लागला. खालच्या प्राधिकरणाने त्याचे उत्पन्न महिना ३,५०० धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली म्हटले की भाजी विकणाऱ्याकडून उत्पन्नाचे कागद मागणे वाजवी नाही, आणि ६,५०० धरले. हा निकाल आपल्या फेरीवाल्यांच्या फार कामाचा आहे, वकिलाने तो दाखवलाच पाहिजे. पण सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन मिळणारी गोष्ट परभणीतच मिळत असेल तर ती का सोडावी? उद्यम नोंदणी फुकट होते. २०२३ साली सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत शिंपी, लोहार, सुतार हे धंदे आहेत, तिथली नोंद हाही धंद्याचा पुरावा होतो. आता तर चहाच्या टपरीवरही मोबाईलवरून पैसे येतात, त्या खात्याचे वर्षाचे उतारे काढून ठेवले तर कमाई आपोआप बोलते. आमच्या व्यापारी बांधवांना एक कडू गोष्ट सांगायची आहे. विवरणपत्रात उत्पन्न अगदी कमी दाखवायचे ही जी आपल्यातल्या काहींची हुशारी आहे, ती अपघाताच्या दिवशी उलटते. विमा कंपनीचा वकील तेच विवरणपत्र कोर्टापुढे धरतो आणि विचारतो, भाई, तेव्हा खोटे बोललात की आता?

मुदतीचीही एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. १९९४ च्या दुरुस्तीने दाव्याची मुदत काढून टाकली होती, त्यामुळे जुन्या लोकांच्या मनात आहे की केव्हाही अर्ज केला तरी चालतो. १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत परत आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर कोणी बसू नये. त्याच तारखेपासून पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत प्राधिकरणाकडे पाठवायचा आहे. त्याची प्रत मागून घ्यावी. दावा कुठे करायचा याविषयी कायदा आपल्या सोयीचा आहे. सुरतेला माल आणायला गेलेल्या सेलूच्या माणसाला नवसारीजवळ ट्रकने उडवले तरी त्याला गुजरातेत तारखा करण्याची गरज नाही, जिथे तो राहतो तिथल्या प्राधिकरणात अर्ज करता येतो. गाडी ठोकून पळून गेली आणि सापडलीच नाही तर मृत्यूसाठी दोन लाख व गंभीर इजेसाठी पन्नास हजार रुपयांची वेगळी योजना आहे. तिचा अर्ज महसूल कचेरीत, उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदाराकडे द्यायचा असतो.

टेम्पोत मालाबरोबर बसून येणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितो, कारण आम्ही कापडवाले नेहमी तसेच येतो. मालगाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात सांगितले. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस मालाबरोबर येत असेल तर मात्र तो विम्यात धरला जातो. तो मालाचा मालक आहे हे दाखवायला बिल आणि बिल्टी लागते, आणि तो केबिनमध्ये बसलेला असावा लागतो. गठ्ठ्यांवर झोपून येणाऱ्या पोरांना हे कोणी तरी सांगितले पाहिजे. बिल्टी ड्रायव्हरच्या खिशात आणि आपण गठ्ठ्यांवर, अशी स्थिती असेल तर वकील कितीही हुशार असो, त्याचे काम अवघड होते.

आपल्यातले काही लोक मालकही आहेत, त्यांना त्यांची बाजू टोचेल तरी सांगतो. दुकानात, गोदामात, कारखान्यात काम करताना कामगार जखमी झाला तर भरपाई मालकाने द्यायची असते. १९२३ पासून चालत आलेला हा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, पण हिशोबाची रीत तीच आहे. तीस वर्षांच्या कामगाराचा महिना १२,००० पगार असेल आणि त्याचा अंगठा गेला, तर पगाराचे ६० टक्के म्हणजे ७,२०० गुणिले २०७.९८, आणि अंगठ्याचे परिशिष्टात ३० टक्के. रक्कम होते सुमारे साडेचार लाख. पाचपंचवीस हजार हातावर ठेवून कागदावर सही घेतली म्हणजे मिटले, असे समजणाऱ्याने जपावे, कारण हक्क सोडून दिल्याचा असा करार कायद्यापुढे टिकत नाही आणि उशीर झाला तर व्याज व दंडही बसतो. कामगारांची विमा पॉलिसी घेणे यापेक्षा फार स्वस्त पडते. इजा झालेला हमाल बहुधा आपल्याच मोहल्ल्यातला असतो, जुम्याला शेजारी उभा राहतो.

आणखी एक अडसर आपल्या मनातला आहे. "मय्यतीचे पैसे खाणार का" असे म्हणून काही घरे दावाच करत नाहीत, विशेषतः विधवा सुनेला सासरचे गप्प बसवतात. सूरह निसाच्या ९२ व्या आयतीत चुकून झालेल्या हत्येबद्दल मयताच्या वारसांना दियत देण्याचा हुकूम आहे. शरीअतमध्ये जखमेचीही दियत आहे, बोटाबोटाचा हिशोब फिक्हच्या किताबांत लिहिलेला आहे. मग हा हक्क मागण्यात शरम कसली? भरपाईच्या रकमेवर कोर्ट जे व्याज देते त्याचे काय करावे, हा प्रश्न खरा आहे आणि तो आपापल्या उलेमांना विचारावा. पण त्यासाठी मूळ हक्क सोडून देणे हे मला तरी पटत नाही. विधवेच्या आणि लहान मुलांच्या नावाची रक्कम कोर्ट बँकेत ठेवायला लावते, यावरही लोक चिडतात. मला ती व्यवस्था योग्य वाटते. एकदम हाती आलेल्या रकमेवर दीर, मामा, दलाल यांची नजर असते आणि यतीमाचा माल किती नाजूक अमानत आहे हे आपल्याला कोणी सांगायला नको.

खोट्या दाव्यांविषयी दोन ओळी. झाडावरून पडलेल्या माणसाला मोटारीने उडवले असे दाखवायचे, ओळखीच्या गाडीचा नंबर लावायचा, हे धंदे देशात अनेक ठिकाणी चालतात. उत्तर प्रदेशात अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ साली अशा दाव्यांच्या तपासासाठी विशेष पथक नेमायला लावले आणि पुढे तिथल्या बार कौन्सिलने २८ वकिलांना निलंबित केले. असा दावा करणाऱ्या प्रत्येकामुळे पुढच्या खऱ्या जखमीकडे कोर्ट संशयाने पाहते. यात आपल्या बिरादरीचा कोणी असेल तर त्याला पाठीशी घालू नये.

लोकअदालतीत तडजोड करण्यास माझा विरोध नाही, चार वर्षांनी मिळणाऱ्या दहापेक्षा आज मिळणारे सात कधीकधी बरे. पण तिथला निवाडा अखेरचा असतो, त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्यापूर्वी वर दिलेल्या रीतीने घरी कागदावर हिशोब मांडून पाहावा. प्राधिकरणाचा निकाल कमी वाटला तर नव्वद दिवसांत औरंगाबाद खंडपीठात अपील करता येते, ते दिवस वकिलाच्या भरवशावर न सोडता स्वतः मोजावेत.

आपल्या समाजात आता कायदा शिकलेली मुले-मुली तालुक्यातालुक्यात आहेत. त्यातली बरीच जण जामीन आणि तलाकच्या कामांत अडकून पडली आहेत. अपघाताच्या दाव्याचे काम कंटाळवाणे आहे, त्यात नाव होत नाही, पण शिलाईच्या मशीनवर बोटे कशी चालतात हे ज्याने लहानपणापासून घरात पाहिले आहे तो हे काम इतरांपेक्षा चांगले करील. सेलूच्या कापड बाजारातील दुकानदारांना माझी सूचना अशी आहे की आपण मिळून अशा एकदोन वकिलांना ठराविक मेहनताना ठरवून द्यावा. जखमी कारागिराची पहिल्या सहा महिन्यांची फी बाजाराने भरावी, दवाखान्याचे मूळ बिल, डिस्चार्ज कार्ड, पंचनाम्याची नक्कल आणि कमाईचे कागद गोळा करायला एका मुनीमाला महिन्यातले दोन दिवस मोकळे ठेवावे, आणि रक्कम मिळाल्यावर त्या कारागिराने भरलेली फी तेवढीच, एक रुपया जास्त न घेता, बाजाराला परत करावी. चंद्याच्या पावत्या आपण वर्षभर फाडतोच. या कामाची पहिली पावती फाडायला मी तयार आहे. ज्यांना यात यायचे असेल त्यांनी असरनंतर दुकानावर भेटावे.